ना झाड, ना प्राणी

तुम्हाला सांगते, सदाशिव पेठेतल्या आमच्या घरमालक काकांच्या दोनच अटी होत्या. खोलीत प्राणी पाळायचे नाहीत आणि झाडं लावायची नाहीत. मी मोरीत पेंढ्याच्या पिशवीवर अळंबी वाढवली, आणि नेमके काका गळका नळ बघायला आले.

"झाडं लावायची नाहीत, असं ठरलं होतं ना आपलं?"

"काका, अळंबी झाड नाही, प्राणीही नाही. कवकांची सृष्टीच वेगळी असते. शाळेत शिकवतात."

काकांनी वाकून पिशवी न्याहाळली. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

"बरोबर आहे. अट मोडलेली नाही," म्हणत ते निघाले. जिन्यात थांबून वळले.

"सृष्टी कुठलीही असो, मोरी माझी आहे. भाजी झाली की वाटीभर खाली पाठवा. तिखट बेतानं."