नवऱ्याच्या कानातले बोळे

माझ्या नवऱ्याच्या कानात बोळे गेले ते साहेबामुळं नाही, माझ्यामुळं. बारामतीच्या सूतगिरणीत सगळ्यांना कानात घालायला रबरी बोळे दिले होते. ह्यांचे कायम खिशात. म्हणायचे, "मशीन बिघडलं की आवाजावरनं कळतं."

एकदा डबा द्यायला आत गेले, तर सांगवीची सुशीला ह्यांच्या कानाला तोंड लावून बोलत होती!

हे म्हणाले, "अगं, एवढ्या गोंगाटात समदी अशीच बोलत्यात."

"मशीन बिघडलं तर फिटर हाय. घर बिघडलं तर?" म्हणत मी स्वतः बोळे कोंबले.

रोज बोळे घालतात म्हणून पुढं साहेबानं नारळ देऊन ह्यांचा सत्कार केला. सुशीलानं टाळ्या वाजवल्या. ह्यांना ऐकू आल्या नाहीत.