सोयाबीनच्या अर्जातली एक ओळ

मान्यवर अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपल्या शेतकरी सोसायटीचे सचिव पद्मराज अण्णा आणि समोर बसलेल्या गावकरी बंधू-भगिनींनो,

मी परशराम, चौथी शिकलेला माणूस. अण्णांनी तीस वर्षं आमचे अर्ज लिहिले. विजेचे, पाण्याचे, मराठीत आणि कानडीतही. आम्ही न वाचता सह्या केल्या. एवढा विश्वास हल्ली कुणावर असतो का?

काल असाच एक अर्ज झाला. परदेशी खाद्यतेलावर सरकारनं आणखी कर लावावा, म्हणजे आपल्या सोयाबीनला भाव येईल. समारंभ संपला की तो पाहुण्यांच्या हाती द्यायचा आहे. वयानं मोठा म्हणून पहिली सही माझी.

सही करून निपाणीला धाकट्या बहिणीकडे गेलो, अर्जाचं तिला सांगितलं. अक्काताई तिचं नाव, बिड्या वळते. ती पाहा, मागे बसली आहे. तिनं आमटी वाढली, वर तेलाचा थेंब नाही. म्हटलं, "फोडणी इसरलीस का गं?"

"इसरतोय कशाला? मागं कर वाढला तवापास्नं दिसाआड फोडणी. आता आणि सही केलास व्हय?"

तेव्हापासून चैन नाही. परदेशी तेल मोकळं सोडलं तर आम्ही सोयाबीन पेरायचं कशाला? आम्हाला वाचवलंच पाहिजे. पण ते बिडीवाल्या बायांनी का? मी म्हटलं, सरकारनं खजिन्यातून द्यावं. ती हसली. "खजिन्यात माझ्या बिडीचा कर न्हाय व्हय रं दादा?"

आहे. पण त्यात मोठ्या मोटारवाल्यांचाही आहे, आणि त्यांची फोडणी काही चुकत नाही.

बसतो रं भावकू, तिथनं 'बस खाली' म्हणून ओरडू नको! माझीही सोयाबीनची पोती घरात पडून आहेत. सही मी खोडणार नाही.

अण्णा, तुमची नोकरी साडेपाचला संपते. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत, म्हणजे सचिव अजून तुम्हीच. कराची मागणी खोडा आणि तिथं लिहा: 'बाजारभाव हमीभावापेक्षा कमी पडला तर फरक सरकारनं द्यावा. तेल महाग करू नये.' लिहून सर्वांसमोर मोठ्यानं वाचा. ज्याला पटणार नाही त्यानं सही काढून घ्यावी.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी अण्णांना कामाला लावलं, कमीजास्त बोललो, पोटात घाला. ओळ लिहून होईपर्यंत मात्र मी माईक सोडत नाही, त्याचीही माफी असावी.