तापवणारी गोळी

—हो, तेच म्हणते न मी सिस्टरबाई, पायाच्या गोळ्या संपल्या अन् साखरेच्या बिमारीच्या जशाच्या तशा डब्यात हायेत. दवाखान्यातून एवढ्या उन्हात कवार्टरवर आल्या तुम्ही, खोटं कायले बोलू? बसा न. हळू बोला फक्त, आमच्या घरचे आतमंदी झोपले हायेत, रातपाळी करून आले. आता तुम्ही म्हणान, दोन गोळ्या दिल्या त एकच कावून खाल्ली? त्याचं असं हाय, माणूस भट्टीवरचा. भंडाऱ्याहून भिलाईले आलो, पहिली भट्टी पेटली, तईपासून तिथंच. लोखंडाचा रंग पाहून ताव वळखते. त थे पायात रक्त फिरवायची गोळी खाल्ली का दहा मिनिटांत यायचं तोंड लाल, कान लाल, आंगातून नुसत्या वाफा. म्हणतात, तुळसा, हे खरं औषध, पाह्य कसा ताव आला. अन् साखरेची गोळी? खाल्ली काय, नाई खाल्ली काय, माणूस थंडाच. तिच्यावर इश्वास कसा ठेवावा? म्हणून तिच्या बदल्यात तापवाली दोन-दोन खातात. कडू लागते म्हणून वरून गुळाचा खडा—धुळीनं घसा धरू नये म्हणून कारखान्यात भेटते न गूळ, त्यातलाच. हसा, हसा. मी बी हसलीच होती.

काय म्हणता—साखर उतरल्याबिगर पायाच्या गोळीचा फायदा नाई? दोन खाल्ल्या त चक्कर येते? आली न. परवा भिंत धरून आंगणातून आले. मी म्हटलं, नव्या नवरीवानी कावून चालून राहिले जी, त मलेच डोळे दाखवले. तसे भांडखोर नाईत. पण भट्टीचा असा अभिमान, का सुट्टीच्या दिवशीबी बूट घालून बसतात. झोपतानीबी मोजा काढत नाईत—

नाई, तसं काई नाई. थंडी वाजते म्हणून. हो, उन्हाळ्यातबी वाजते एखाद्याले. तुम्ही लई पुसता बाई.

…आता मोजा म्हटला त मोजा. पंधरा दिवस झाले, बुटात ठिणगी गेली होती. यायले समजलंच नाई, पायाले चटकाच लागत नाई त समजन कसं? मले वास आला, तई मी पाह्यलं. आंगठा काळा पडला हाय. म्हणाले, दवाखान्यात सांगशीन त आंगठा कापतीन अन् भट्टीवरून काढून गेटवर स्टुलावर बसवतीन. माह्या गळ्याची शपथ घातली. मले वाटलं, एवढी तापवते गोळी, काळेपणा उतरन हळूहळू. खरं सांगू का, मले भेव वाटून राहिलं होतं, म्हणूनच मी यायची मजाक करत होती.

चहा ठेवते न—उठल्या कावून? चेहरा असा कावून केला? पाय वाचन न, बाई?

बरं. चहा मागून. आतमंदी जा, उठवा यायले, अन् काढा थो मोजा. चिडले त म्हणा, तुळसानंच सांगतलं. जा म्हणते न. मी इथंच बसते.