मिस्त्रींचा मैल

संस्थानच्या दिवसांत मी भोरला मोटार चालवायचो. गाडीतलं मैल मोजायचं मीटर अडकलं आणि मालकांना वाटलं, ह्यो मीटर अडकवून गाडी चोरून पळवतोय. मीटर कासम मिस्त्रींकडं दुरुस्तीला टाकलं. आणायला मालक नि मी गेलो, तर मिस्त्री म्हणाले, "आतला समदा मैल काढून टाकला."

मालक माझ्यावर उखडले. "तूच सांगितलंस व्हय? उद्यापासून गाडीला हात लावू नगंस."

मिस्त्रींनी एक काळं, चिकट फडकं पुढं केलं. "ह्यो मैल, मालक. आकडे जागच्या जागी हाईत."

मालकांनी मीटर डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग गाडी सुरू करायचं हँडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, आमच्यात त्याला मळ म्हणत्यात. ह्याची भाकरी गेली असती की."