पणजोबांची मेजवानी

(शाळेची संगणकखोली, दुपार. खाली हॉलमध्ये निबंधवाचनासाठी पालक जमताहेत.)

बाबिर्ये : थांब. शेवटचं वाक्य परत वाच.

नान्क्या : ‘लढाई जिंकल्यावर माझे शूर पणजोबा योसुवा यांनी सरोवराकाठी भाजलेल्या मम्बा माशावर यथेच्छ ताव मारला.’ भारी ना?

बाबिर्ये : फारच. तुमच्या कुळाचं देवक कोणतं गं?

नान्क्या : मम्बा मासा. आम्ही त्याला तोंडसुद्धा ला... अगं बाई!

बाबिर्ये : अभिनंदन! पणजोबांनी सख्खा भाऊच भाजून खाल्ला. आता हे माइकवर वाच. पहिल्या रांगेत तुझे जज्जा, आजोबा, बसलेत, त्यांना आपल्या वडिलांचा केवढा अभिमान वाटेल!

नान्क्या : पण ही गोष्ट सहा वेबसाइटवर आहे!

बाबिर्ये : दाखव. इथे ‘यथेच्छ ताव’. इथेही. सहाही जणांना नेमके तेच शब्द सुचले, काय प्रतिभा! गोष्टीतला होडीवरचा बगळासुद्धा तोच.

नान्क्या : मग आधी लिहिलं कुणी?

बाबिर्ये : तारखा बघ. ही सगळ्यात जुनी. लेखक? नाही. आधार? नाही. खाली जा... ‘आमची खासियत : भाजलेला मम्बा. शनिवारी बँड.’ घे, भेटले तुझे इतिहासकार. हॉटेल चालवतात!

नान्क्या : हसू नकोस ना, दोन आठवडे राबलेय मी.

बाबिर्ये : उतरवून घ्यायला दोन आठवडे? अक्षर सुंदर काढलं असशील.

नान्क्या : लढाई तरी खरी असेल... जज्जा! तुम्ही जिना चढून आलात?

जज्जा : राहू दे, नमस्काराला गुडघे नंतर टेक. हॉल भरलाय, पोरी.

नान्क्या : जज्जा, तुमच्या वडिलांनी लढाई जिंकली होती ना?

जज्जा : लढाई? होडीतून केळी वाहायचे ते. एकदा वादळात सगळी केळी पाण्यात फेकली आणि माणसं काठाला आणली, असं आई सांगायची. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मला साक्षीदार धरू नकोस.

बाबिर्ये : सहा वेबसाइटपैकी एकीनं तरी एवढं कबूल केलंय का बघ.

नान्क्या : म्हणजे मी फक्त केळी वाचू? सगळ्यांसमोर?

जज्जा : केळी वाच. ‘आई सांगायची’ तेही वाच.

नान्क्या : आणि मेजवानी?

जज्जा : केळी तर गेली होती. उपाशीच झोपले असतील त्या रात्री.

नान्क्या : थांबा, लिहून घेते.

जज्जा : हे नको लिहूस. हे आई म्हणाली नव्हती. हे मला वाटतं.