लाल रंगाचे दोन हात

(पावसला राजाभाऊंची आंब्याची बाग. तिथला वडिलांच्या वेळचा छोटा ट्रॅक्टर दसऱ्यापासून बंद पडलाय. तीस वर्षं तो चालवणाऱ्या बाबल्याला न विचारता राजाभाऊंनी मांडवीहून हर्षद इलेक्ट्रिशियनला बोलावलं, आणि वर बसायला खुर्चीही दिली.)

बाबल्या : बॅटरी बघितलान, फ्यूज बघितलान. मी पण तेच बघितलेलं. मला कोणी खुर्ची नाय दिली.

राजाभाऊ : गप रे. हर्षद, काय म्हणतो तुमचा मीटर?

हर्षद : बॅटरी फुल आहे. तरी चावी फिरवली की नुसती टिकटिक, लाइटही मंद. अर्थिंग मिळत नाही असं वाटतंय.

बाबल्या : मीटर कशाला लागतो? मला नुसत्या आवाजावरनं कळतं.

राजाभाऊ : मग चार दिवस का नाही कळलं? बागेत गवत कमरेला लागलंय. आज चालू झाला नाही तर हा भंगारात. शेजारच्या शौनकसारखा नवाच आणतो.

बाबल्या : आणा. चालवणारा पण नवा आणा.

हर्षद : थांबा, ही वायर बॅटरीवरून थेट इंजिनला धरतो. काका, फिरवा चावी.

बाबल्या : ...झाला चालू.

राजाभाऊ : वा, हाताला गुण आहे हो तुमच्या.

बाबल्या : तीस वर्षांत मला कधी असं बोलला नाय, भाऊ.

हर्षद : बंद करा आता. हे बघा, अर्थिंगची वायर चासीला जिथे बोल्टने आवळलीय, तिथे खाली रंग आहे. रंगातून करंट जायचा कसा? कोणी लावला हा?

राजाभाऊ : बाबल्या?

बाबल्या : मीच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. बोल्ट काढून काढून लावला, एक जागा सोडली नाय. दोन हात मारले.

राजाभाऊ : अरे, पूजेला हळदकुंकू पुरतं की.

बाबल्या : तुम्ही शौनकच्या खळ्यात त्याच्या नव्या ट्रॅक्टरवरनं हात फिरवत होतात. अर्धा तास. घरी आलात ते ह्याच्याकडं न बघता आत गेलात. माझा जीव जळला. म्हटलं, रंगवला तर पूजेला तरी बघाल.

राजाभाऊ : बघितला होता रे. लाल शोभत होता. बोलायचं राहिलं.

हर्षद : मोठं काही नाही, तेवढा रंग घासला की झालं. काचपेपर आहे माझ्याकडे, दोन मिनिटांत...

बाबल्या : तो हिकडं द्या. तुम्ही बसा खुर्चीवर. ह्याला खरवडायचंच तर मी खरवडतो.