मुखरूभाऊंच्या ऑर्गनला कोणता प्रोसेसर

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, झाडीपट्टीच्या रंगमंचावर उभी पिढी रडवणाऱ्या आदरणीय गुणाबाई; आपल्या नाटक कंपनीचे मालक धनराजभाऊ; सत्कारमूर्ती ऑर्गनवादक मुखरूभाऊ आणि त्यांच्याशेजारी पदर सावरून बसलेल्या त्यांच्या पत्नी कमळाबाई; कलावंत मित्रांनो, आणि वडशाच्या रसिकहो, आपणा सर्वांना संघपालचा नमस्कार. मी या कंपनीची नाटकं लिहितो. दिवाळीच्या आत नाटक हातात द्यायची सवय असल्याने भाषणही वेळेत संपवीन.

ताजी बातमी आधी सांगतो. कंपनीच्या ऑफिसात नवा डेस्कटॉप आज सकाळी सुरू झाला. तो जोडणाऱ्या दिव्यानीने मला हे सांगितलं आणि आत्ता हॉलच्या दारात धनराजभाऊंनीही त्याला दुजोरा दिला. या हंगामात आपल्या नाटकातला ऑर्गन त्या यंत्रातून ऐकू येईल. तबला राहील, पण तो यंत्राच्या मागोमाग वाजेल. मुखरूभाऊंची ऑर्गनची पेटी मात्र कंपनीच्या गाडीत चढणार नाही.

म्हणून ही शाल. म्हणून हे श्रीफळ.

मुखरूभाऊ काय करत होते, हे नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगायला हवं. एका प्रयोगात मुलाच्या प्रेताशी आईचा विलाप होता. आईचं काम करणाऱ्या नटीला एक शब्द आठवेना. नाव सांगत नाही, कारण...

(अध्यक्ष म्हणतात, "सांग ना! काऊन लपवते? मीच होती थे.")

आभारी आहे, बाई. तर गुणाबाईंना शब्द आठवेना. रंगमंचासमोर वादकांच्या खड्ड्यात बसलेल्या मुखरूभाऊंनी हे पाहिलं आणि तोच सूर धरून ठेवला. फिरवला, पुन्हा फिरवला. प्रेक्षकांना वाटलं, बाईचा गळा दाटून आला आहे. बायका डोळे पुसू लागल्या. शब्द सापडेपर्यंत त्या सुरानेच रडून घेतलं. बाहेर आल्यावर गुणाबाई म्हणाल्या, "मुखरूभाऊ, आज तुमी नसते त मी खरंच मेली असती." आणि भाऊ म्हणाले, "बाई, मेलं त पोरगं होतं. तुमी काऊन मरता?"

हसा, हसा. आज हसायला पुढे फारसं नाही.

आता प्रोसेसरकडे येतो. निरोपाच्या भाषणात प्रोसेसर कशाला, असं कुणाला वाटेल. पण भाऊंचा निरोप ठरला तो चंद्रपूरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. मी तिथे होतो.

पावसाळ्यात तालमीच्या खोलीत धनराजभाऊंनी मुखरूभाऊंचं सगळं वाजवणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. खलनायकाचा प्रवेश, विलाप, लग्न, ताटातूट. "आठवण म्हणून," असं सांगितलं होतं. नंतर आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. दिव्यानी त्या दुकानात काम करते. तिने दोन डेस्कटॉप मांडून ठेवले होते. दोन्हींत भाऊंच्या ऑर्गनचे सूर भरलेले, दोन्हींना एकेक कीबोर्ड जोडलेला. एकात साधा, घरगुती वापराचा प्रोसेसर. दुसऱ्यात कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सर्व्हरचा.

भाऊंनी विचारलं, "बेटा, फरक काय?"

ती म्हणाली, "काका, घरगुतीले हात कमी, पन एकेक हात चपळ हाये. पट्टी दाबली का सूर निंगते. सर्व्हरवाल्याले हात गंज, ढीगभर, मेमरी बी गंज, महिनाभर चालू ठेवा, थकत नाई. पन एकेक हात संथ. एका मानसाच्या बोटामागं धावनं त्याचं काम नाई."

भाऊंनी दोन्ही वाजवून पाहिले. सर्व्हरवाल्यावर पट्टी दाबली आणि मान वर करून वाट पाहिली. "हा जेवून येऊन राह्यला वाटते," म्हणाले. मग घरगुतीवर विलापाचा सूर धरला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. भाऊंचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खुशीत फार दिवसांनी पाहत होतो. पेटीची ओझी उचलून त्यांची पाठ गेली आहे. हा कीबोर्ड पिशवीत मावत होता.

"धनराजभाऊ, हाच घ्या. हा माह्या बोटासंग येते."

धनराजभाऊ बिलाकडे पाहत म्हणाले, "भाऊ, बोटाचा प्रश्नच नाई आता. सर्व्हरवालाच घेऊन राह्यलो."

दिव्यानी भाबडेपणाने बोलून गेली, "मंग काका वाजवनार नाई का? ठरलेलंच लावाचं त मोबाइल बी पुरते. एवढे हात त चार कंपन्यांचं संगीत एका वक्ती काढाले लागते."

धनराजभाऊ म्हणाले, "त्याच्याचसाठी घेतो. आपली न् बाकीच्या तीन कंपन्या, चारहीले ऑफिसातूनच नेटवर सूर जातीन."

मुखरूभाऊंनी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"मंग मले इथी काऊन आनलं, मालक?"

"सूर बरोबर हायेत का, थे आयकाले. तुमच्यासारखा कान कोनाचा हाये?"

भाऊ नाही म्हणू शकले असते. त्यांनी सर्व्हरवाल्यावर आपले सगळे सूर लावायला सांगितले, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "बरोबर हाये. माहाच हाये."

धनराजभाऊ, तुमच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ऑर्गन वाजवणारी माणसं मिळत नाहीत, ही तुमची तक्रार खरी आहे. बाकीच्या तीन कंपन्या वादकाच्या शोधात पार गोंडपिपरीपर्यंत फिरून आल्या, हेही खरं. तुमची निवडही चुकलेली नाही. चौघांचं काम एका यंत्रावर काढायचं तर सर्व्हरचाच प्रोसेसर योग्य, असं दिव्यानीही म्हणते. एवढंच विचारतो, मिळत नाहीत म्हणताना तुम्ही कुणाला निरोप देताय? हा मिळालेला माणूस नव्हता का? आणि ते रेकॉर्डिंग इतर कंपन्यांना जाणार, हे भाऊंना तालमीच्या खोलीतच सांगायला काय हरकत होती? ते नाही म्हणाले असते, ही भीती होती का? मग उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

कमळाबाई, तुम्ही मघाशी मला म्हणालात, "कडू बोलू नका, आयकलं का थे घरी येऊन जेवत नाई." मी शक्य तेवढं गिळलं. राहिलं ते हे.

अध्यक्षांनी मधे टोकून मला धीर दिला, मालकांनी समोर बसून सगळं ऐकून घेतलं, श्रोत्यांनी खुर्च्या सोडल्या नाहीत. सर्वांचा मी ऋणी आहे. माझ्या जिभेने कुणाला ओरखडा काढला असेल, तर तो माझ्याच नावावर मांडावा, कंपनीवर राग धरू नये.

पुढचा कार्यक्रम असा. भाऊबीज झाली की गावोगावच्या जत्रा, आपल्या मंडया, सुरू होतील. आपला पहिला प्रयोग धानोऱ्याकडे, मुखरूभाऊंच्याच गावच्या मंडईत ठरला आहे. उरलेल्या तीन कंपन्या त्याच दिवशी दुसऱ्या तीन गावांत असतील आणि चारही ठिकाणी ऑर्गन मुखरूभाऊंचाच वाजेल. नाटकाला यायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. पेंडॉल त्यांच्या घरामागच्या धानाच्या बांदीत पडणार आहे; नाही आले तरी ऐकू येईल.